खदानीचा गाळ

लग्न होऊन मी चांदूर रेल्वेला आले, तेव्हा सासरच्या मळ्यात मला सगळ्यात आधी दाखवला तो एक खड्डा. नव्या सुनेला लोक देव्हारा दाखवतात, विहीर दाखवतात, फार तर गोठा दाखवतात. माझे सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणत असे, ते मला हळदीच्या अंगानं थेट मळ्याच्या वरच्या टोकाला घेऊन गेले आणि काठीनं खाली दाखवत म्हणाले, "पाहा सूनबाई, हे आपली खदान." गावात दुसऱ्या कुणाकडे नाही अशी वस्तू माझ्या हवाली करतो आहोत, असा त्यांचा आवाज. मी पदर सावरून खाली पाहिलं. चांगला दोन पुरुष खोल खड्डा, लाल-पिवळा मुरूम उघडा पडलेला, तळाशी फुटक्या गिट्टीचे ढीग. मधे मधे मातीचे उंच खांब उभे. किती खोल खणलं ते मोजता यावं म्हणून खोदणारे असे खांब सोडून देतात, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी एवढंच वाटलं, की या घरात आपली पाठ काही सरळ राहायची नाही. ती राहिली नाही.

जमीन मुळात बरड होती. खालचा मळा काळा, लोण्यासारखा, पण वरच्या अंगाला चढ होता आणि तिथं चार बोटं मातीखाली नुसता मुरूम. तीळसुद्धा तिथं रडतरडत यायचा. पन्नास सालानंतर जिकडेतिकडे रस्ते व्हायला लागले, तेव्हा एक ठेकेदार मामाजींकडे आला. मुरूम आम्ही नेतो, चढ जाईल, जमीन तुम्हाला सपाट करून देतो, असं म्हणाला. सपाट म्हटलं की माळ्याच्या डोळ्यांपुढे वाफेच उभे राहतात. मामाजींनी मान डोलावली. ठेकेदारानं शब्द पाळला. जमीन सपाट करून दिली, फक्त दोन पुरुष खाली. कुणी विचारलं की मामाजी स्वतःच सांगायचे, "सपाट तं केली ना त्यानं. वर करशीन का खाली, हे म्या इचारलंच नोतं."

हसून सांगायचे, पण तो खड्डा त्यांच्या जिवाला लागला होता. सकाळी उठले की आधी खदानीच्या काठावर. त्यात पाणी साठवायचं, उतारावर पायऱ्या पाडायच्या आणि एकेका पायरीवर एकेक पीक घ्यायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आमचं घर भाजीपाला आणि फुलांवर चालायचं. वांगी, मेथी, सांबार, म्हणजे तुम्ही ज्याला कोथिंबीर म्हणता ते, आणि दसरा-दिवाळीला झेंडू. पण मळ्यातली विहीर फाल्गुनात तळ दाखवायची. मोट रिकामीच वर यायची. फाल्गुन ते मृग, ऐन भाजीला भाव असायचा तेव्हा आमचे वाफे कोरडे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

याच कोरड्या महिन्यांनी माझ्या नवऱ्याला घरातून काढलं. त्यांचं नाव घ्यायची तेव्हा रीत नव्हती आणि आता मलाच घ्यावंसं वाटत नाही, म्हणून इथंही मी त्यांना 'हे' म्हणते. लग्नाला वर्ष झालं नसेल, पोरगी माझ्या पोटात होती, तेव्हा हे अकोल्याला एका तेलगिरणीत कामाला लागले. जायच्या दिवशी बापासमोर उभं राहून म्हणाले, "बाबा, मले मळा सोडाचा नाई. पन पान्याबिगर म्या इथं बसून काय करू? खदानीत अखजीपर्यंत पानी टिकवून दाखवा. टिकलं की म्या वापस येतो. गिरनीत एक दिवस जास्त राहीन तं सांगा."

अखजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. तिथपर्यंत पाणी पुरलं की माळ्याचा उन्हाळा निघतो, पुढं मृगापर्यंत तोवर राखून ठेवलेली विहीर कशीबशी ओढून नेते. मामाजी म्हणाले, "टिकवतो." मी दाराआड उभी होते. दोन पुरुषांनी आपसात ठरवलं, आणि माझा संसार त्या खड्ड्यातल्या पाण्याला बांधला गेला. पाणी टिकलं तर नवरा घरी, नाही टिकलं तर नवरा अकोल्याला. कुणी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तरी वेगळं काय म्हटलं असतं? मला नवरा घरी हवा होता.

मग आम्ही तिघं त्या खदानीच्या मागे लागलो. मामाजी, सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, आणि मी. पोरगी झाल्यावर तिला झोळीत घालून लिंबाला टांगायचं आणि खाली उतरायचं. आधी ते मातीचे खांब फोडले. मग काठ तासून पायऱ्या पाडल्या. मुरूम म्हणजे माती नव्हे. कुदळ मारली की ती परत तुमच्याकडेच येते. वर रस्त्याच्या कडेनं नाली होती. तिच्यातून एक चारी काढून ती खदानीत सोडली, म्हणजे रस्त्यावरचं, गुरांच्या वाटेवरचं, पलीकडच्या काळ्या वावरांतलं सगळं पाणी आमच्याकडे यावं. त्यातून काय काय यायचं म्हणून सांगू! शेण, काड्या, फाटकी वहाण, एकदा तर कुणाची तरी टोपी. आत्याबाईंना स्वच्छतेचं भारी वेड. त्या चारीच्या तोंडाशी उभं राहून नाक मुरडायच्या, "बाई वं, काय गढूळ पानी हाय हे! याच्यात कोन हात घालीन?" मामाजी म्हणायचे, "पानी पाय, रंग नको पाऊ."

पहिल्या वर्षी खदान काठोकाठ भरली. अख्खं गाव पाहायला आलं. आणि दसऱ्याच्या आत ती अशी रिकामी झाली, की त्यात पाणी होतं हे आम्हीच लोकांना पटवून सांगायला लागलो. मुरमाचा तळ, पाणी जायचं कुठं ते दिसायचंही नाही. दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत राहिलं. हे महिन्यातून एकदा पॅसेंजरनं यायचे. बडनेऱ्याला गाडी तासन्‌तास खोळंबायची, त्यामुळे घरी पोचेपर्यंत दिवस अर्धा झालेला. हातपाय धुवायच्या आधी काठावर जायचे आणि मला विचारायचे, "कुठवर आलं वं?" मी सांगायची, "दिवाळीवर आलं." ते बोटं मोडत काहीतरी हिशेब करायचे. तो हिशेब मीही करायची. दसरा, दिवाळी, संक्रांत, शिमगा, अखजी. लोकांना सण यायचे ते पुरणपोळीसाठी. मला सण यायचा तो पाणी किती खाली गेलं ते पाहायला.

मला त्या वर्षांबद्दल कुणी विचारलं, तर मी फक्त दमलेली होते एवढंच आठवतं. सकाळची दमलेली, दुपारची दमलेली. घासलेटच्या डब्यांनी पाणी वर आणायचं, पायरीपायरीनं वाफ्यांना द्यायचं, परत उतरायचं. आत्याबाई माझ्याहून वयानं दुप्पट, पण माझ्या पुढं. त्यांच्यासमोर 'हुश्श' म्हणायची सोय नव्हती. त्या लगेच म्हणायच्या, "काहून वं, माहेरी का पालखीत बसून राह्यत होती?"

पण पाणी दरसाल थोडं थोडं पुढं सरकत गेलं. संक्रांत ओलांडली. आणि मग एक वर्ष असं आलं, की शिमगा झाला, पाडवा झाला, रामनवमी झाली, आणि खदानीत पाणी होतं. निळंसर, गार, कमरेइतकं. घरातला प्रत्येकजण आपापली पाठ थोपटून घ्यायला लागला. मामाजी म्हणायचे, हे त्यांनी खालच्या अंगाला घातलेल्या बांधामुळं. आत्याबाई म्हणायच्या, त्यांनी दर सोमवारी काठावर वाहिलेल्या हळदकुंकवामुळं. गावातले म्हणाले, पाऊसच चांगला झाला. मला वाटायचं, जाऊन जाऊन पाणीही आमच्यासारखंच दमलं असेल. खरं कारण आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्याचंच पुढं आम्हाला भोगावं लागलं.

त्या वर्षी खदानीवर जत्रा भरल्यासारखी झाली होती. वरच्या पायरीवर कडक मुरमाचं खळं केलं, त्यावर मिरच्या वाळायच्या. त्याखाली झेंडू आणि शेवंती, त्याखाली वांगी, आणि पाण्याला लागून मेथी-सांबार. एका कोपऱ्यात गावचा परीट कपडे धुवायला लागला. दुसऱ्या कोपऱ्यात लोकांची बैलं पाणी प्यायची. एक धीवर येऊन पाहून गेला आणि म्हणाला, इथं शिंगाडे लागतील. आमची फुलं त्या वर्षी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली, भाजी धामणगावच्या बाजारात गेली. बरडावर काहीच येत नाही म्हणणारे लोक भर चैत्रात आमच्याकडून वांगी घेऊन जायला लागले. मामाजींचं पाऊल जमिनीवर पडत नव्हतं.

अखजीच्या आदल्या दिवशी हे आले ते पेटी घेऊन आले. पत्र्याची पेटी, अंथरुणाची वळकटी, गिरणीतले कपडे, त्यांना खोबरेल-सरकीचा वास. काठावर जाऊन उभे राहिले. मग बापाकडे वळून म्हणाले, "बाबा, टिकवलं." मामाजींनी नुसतं हूं केलं आणि तोंड फिरवलं. मी घरात येऊन भाकरीचं पीठ मळायला बसले, आणि मळता मळता मला हसू येत होतं. पोरगी विचारायला लागली, आई काहून हसून राह्यली? तिला काय सांगणार? आता आपल्याकडे रोज बाबा जेवतील, असं सांगितलं. तेवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला असेल तर मला आठवत नाही.

आता जे घडलं ते माळ्याच्याच घरात घडू शकतं. कुणब्याच्या घरात घडलं नसतं, आणि गावातल्या वकिला-मास्तरांच्या घरात तर नाहीच.

माळ्याची एक रीत असते. भर उन्हाळ्यात, पाणी तळाला गेलं की विहिरीत उतरायचं आणि गाळ काढायचा. गाळ काढला की झरे मोकळे होतात, आणि तोच गाळ वाफ्यात टाकला की पीक तरारून येतं. एका कामात दोन कामं. ज्याच्या विहिरीत गाळ, त्याच्या अंगात आळस, असं आमच्यात सरळ तोंडावर बोलतात. वैशाखात खदानीतलं पाणी एका कोपऱ्यात गेलं आणि बाकीच्या तळाला गाळ उघडा पडला. काळा, मऊ, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असा. इतक्या वर्षांचा. तो पाहून मामाजींचे डोळे चमकले. "सोनं हाय हे," ते म्हणाले. "आनि आपन याच्यावर पानी ठेवून राह्यलो." यांनी धोतर खोचलं. मी पदर खोचला. आत्याबाईंनी तर माझ्याआधी टोपलं उचललं होतं.

घरात माणूस परत आलेला, अंगात जोर आलेला. सकाळी उजाडलं की आम्ही चौघं खाली. हे फावड्यानं ओढायचे, मी आणि आत्याबाई टोपली वर न्यायचो, मामाजी वाफ्यावाफ्यात पसरायचे. एकमेकांना चिडवत, हसत. यांनी मला एकदा म्हटलं, "अकोल्याच्या खोलीत येकटा बसून म्या हेच आठवत होतो, तुह्या डोक्यावरचं टोपलं." मी म्हटलं, "दुसरं काई आठवाले नोतं का?" असं आम्ही तो तळ खरवडला, लाल मुरूम दिसेपर्यंत खरवडला. आणि शेवटच्या दिवशी आत्याबाई खराटा घेऊन खाली उतरल्या आणि त्यांनी सगळा तळ झाडून काढला. अंगण झाडावं तसा. वर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता कसं माणसाच्या घरचं वाटते."

पाऊस लागला. खदान भरली. गाळ घातलेल्या वाफ्यांतली वांगी अशी आली, की लोक थांबून पाहायचे. हे शिंगाड्याचं बोलायला धीवराकडे जाऊन आले. आणि पोळा झाला न झाला तोच मला खालच्या पायरीवर ओली रेघ दिसली. पाणी उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी आणखी. मी कुणाला बोलले नाही, म्हटलं आपल्याला वाटतं. मग एकदा मामाजींना मी काठावर उकिडवे बसलेले पाहिलं. एका कोपऱ्यात लिंबाची पानं पाण्यावर गोल गोल फिरत होती आणि मधल्या मधे खाली ओढली जात होती. ते बोटानं दाखवत मला म्हणाले, "सूनबाई, झरे मोकळे झाले." बस, एवढंच.

विहिरीत झरा पाणी घेऊन येतो. खदानीत तोच पाणी घेऊन जातो. इतकी साधी गोष्ट, आणि चार-चार माळी डोकी असून आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आली नव्हती. ते गढूळ पाणी, ज्याला आत्याबाई नाकं मुरडायच्या, त्यातला बारीक चिखल वर्षानुवर्षं मुरमाच्या भेगांत जाऊन बसला होता. त्यानं पाणी धरलं होतं. बांधानं नाही, हळदकुंकवानं नाही. आणि तो आम्ही टोपल्यांनी काढून, वर झाडूनसुद्धा घेतला. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

काय नाही केलं? काळी माती आणून ओतली, पाणी असताना ती नुसती विरघळून गेली. शेणाचे गोळे टाकले. गोणपाटं टाकली. ऐन दसऱ्याला झेंडूला पाणी नव्हतं. फुलं माळेवर चढायच्या आधीच करपली. आत्याबाईंनी तो खराटा मोडून चुलीत घातला, आणि मी तो जळताना पाहिला, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

फाल्गुनात खालच्या वाडीची माळीण आमच्या दारी आली. तिचा मळा आमच्या खाली, उताराला. दरसाल तिची विहीर आमच्याहीआधी आटायची. तिनं टोपलीभर वांगी आणली होती. म्हणाली, "मामा, या साली तुमी काय केलं ते मले माईत नाई. पन आमची विहीर भरून हाय. शिमगा झाला तरी पानी हालत नाई. गावाकडच्या वाडीतल्या विहिरीलेबी तसंच. मानसं म्हनतात, तुमच्या खदानीचं पानी हाय." तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती खरोखरच आभार मानायला आली होती. मामाजींनी एक वांगं उचलून उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "घे वं सूनबाई. आपलंच पानी हाय, वांगे होऊन घरी आलं." ती माळीण हसली. आम्ही कुणी हसलो नाही. वांगी मात्र चांगली होती, भरून केली.

तिच्यावर माझा राग नव्हता. कुणाच्या तरी वाफ्यात गेलं, समुद्रात तर गेलं नाही, असं मी स्वतःला समजावत होते. पण माझा नवरा त्या पाण्यावर घरी राहिला होता, आणि ते पाणी आता दुसरीच्या विहिरीत होतं, हे काही मनातून जात नव्हतं. पाडव्याच्या सुमाराला हे एकदा जेवताना म्हणाले, "म्या कोनाले दोष देत नाई. टोपलं म्याबी उचललं." मी समजले. दोन दिवसांनी पत्र्याची पेटी परत बाहेर निघाली. स्टेशनवर जाताना पोरगी त्यांच्या बोटाला धरून होती. मी मागे वळकटी घेऊन. गाडी आली तेव्हा मला म्हणाले, "टिकवजा. टिकलं की येतो." येरे माझ्या मागल्या.

पुन्हा सुरुवात. पण या वेळी मला ठाऊक होतं, मला पाणी नको, मला चिखल हवा. पावसाची सर आली की मी डोक्यावर घोंगडी घेऊन चारीच्या तोंडाशी. गुरांच्या वाटेवर फावड्यानं माती सैल करून ठेवायची, म्हणजे येणारं पाणी काळंकुट्ट व्हावं. रस्त्यानं जाणारे थांबून हसायचे. दुनिया पाणी गाळून घेते, ही माळ्याची सून गढूळ करून घेते, असं गावात बोललं जायचं. बोलू दे. आत्याबाई आता नाक मुरडत नसत. त्याही माझ्या शेजारी येऊन उभ्या राहायच्या आणि स्वच्छ पाणी यायला लागलं की चिडायच्या. मामाजींचे गुडघे गेले होते. ते काठावरच्या लिंबाखाली बसून राहायचे आणि कुणीही खाली उतरताना दिसलं, परीट असो की शेळी वळणारं पोर, की ओरडायचे, "तळाले हात लावू नका बे!" लोकांना वाटायचं म्हातारा भ्रमला. भ्रमला नव्हता.

पुन्हा दसरा, पुन्हा दिवाळी, पुन्हा संक्रांत. तेच सण, तीच रेघ पाहणं. पहिल्या वेळी अंगात उमेद तरी होती. दुसऱ्यांदा नुसती सवय उरली. यांचं येणंही सैल पडत गेलं. आधी महिन्याला, मग सणाला, मग फक्त पोळ्याला आणि दिवाळीला. त्यांनी वाईट काही केलं नाही, हे मी इथं स्पष्ट लिहिते. दुसरं घर केलं नाही, दारूला शिवले नाहीत, घरी पाठवायचं ते कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवत राहिले. पण बोलणं बदललं. गिरणीतल्या माणसांच्या गोष्टी, अकोल्याच्या बाजाराच्या गोष्टी, तिकडचं खानावळीतलं वरण कसं असतं, इथलं कसं असतं. काठावर जायचे, पण हातपाय धुऊन, चहा घेऊन. "कुठवर आलं" असं विचारायचे, आणि मी सांगेपर्यंत दुसरीकडे पाहायचे. मला दिसत होतं. तरी मी फावडं सोडलं नाही. सोडून करायचं काय होतं?

मामाजी एका पौषात गेले. खदानीत तेव्हा पाणी होतं, संक्रांतीचं. आदल्या दिवशी मी त्यांना पेज पाजत होते, तेव्हा त्यांनी पाण्याचं विचारलं. "हाय," म्हटलं. "टिकन," ते म्हणाले, माझ्यासाठी की स्वतःसाठी, मला कळलं नाही.

आणि त्याच वर्षी ते टिकलं. शिमगा गेला, पाडवा गेला, वैशाख लागला, आणि पाणी कमरेइतकं. साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. पोरगी चौथीत गेली होती. मी अकोल्याला निरोप धाडला. अखजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर खरबूज, आंबे. मामाजींची पहिलीच घागर, तेव्हा मुलाला यायलाच हवं होतं. हे आले. पेटी नव्हती, हातात एक पिशवी.

घागर त्यांनी स्वतः भरली, खदानीतल्या पाण्यानं. पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून. वर आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आत्याबाई रडल्या. आमरस-पोळीचं जेवण झालं. दुपारी आम्ही दोघं लिंबाखाली बसलो. समोर पाणी, पायऱ्यांवर वांगी, मेथी, परटाचे वाळत घातलेले कपडे. इतकी वर्षं मी या एका दुपारची वाट पाहिली होती.

मी म्हटलं, "टिकलं."

"हाव," ते म्हणाले. "बाबांनी पाहाले पायजे होतं."

मी वाट पाहिली. शेवटी मीच विचारलं, "मंग? तुमी कई येता?"

ते जरा खालीवर झाले. मग म्हणाले, "आता तिकडचं सोडनं जमत नाई वं. मुकादमाची जागा भेटून राह्यली. आनि खरं सांगू का, मातीत हात घालाची सवय गेली माही."

याचं मला नवल वाटलं नाही. मनाची तयारी कधीच झाली होती, फक्त तोंडानं ऐकायची राहिली होती. म्हणून मी दुसरी गोष्ट बोलले, जी मनात धरून मी त्या दिवशी नवं लुगडं नेसले होते. म्हटलं, "मंग मलेच न्या. मले, पोरीले, आत्याबाईले. खोली लहान असली तरी चालते. म्या लय दमली आता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं ते अगदी मनापासून चकित होऊन. "तू येशीन? अवं, मंग इथलं कोन पाहीन?" आणि हसत, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुह्याबिगर हे पानी एक साल तरी टिकन का?"

ते कौतुकानं बोलले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि आजही मान्य आहे. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. पोरगी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेली, मी गेले नाही. मी खदानीत उतरले, पाण्याच्या काठावर उभी राहिले आणि मला आयुष्यात येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्या पाण्याला दिल्या. वरून आत्याबाईंनी ऐकल्या असतील. मग वांग्यांच्या दोन रांगा सकाळपासून कोरड्या होत्या, म्हणून मी डबा बुडवला.